‘हाय’ म्हणायच्या आधी थांबा!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

समजा, तुमची आत्या अमेरिकेत, न्यू जर्सीला राहते. मे महिन्याच्या सुटीत ती घरी आली. बरोबर आतेभाऊही आला. दादा आता चांगला मोठा झालाय, नोकरी करतो. जायच्या आदल्या दिवशी त्याने बॅगेच्या तळातून एक जांभळा चौकोनी डबा काढला. मागे उचलायला कडी, पुढे कंट्रोलर लावायच्या चार जागा आणि त्यांच्या खाली दोन खाचा.

“हा माझा लहानपणचा गेमक्यूब,” दादा म्हणाला. “आता तू सांभाळ.”

एका खाचेत काडेपेटीएवढं करड्या रंगाचं कार्ड होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “यात माझं गाव आहे. आजी आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती ना, तेव्हा तिच्या नावानेही या गावात एक घर घेतलं होतं. एकेक अक्षर शोधून ती गावातल्या फळ्यावर निरोप लिहायची. बघ, सापडतात का.”

आजी आता नाही. पण तिचे निरोप त्या एवढ्याशा कार्डात आहेत!

दादा गेला. तुम्ही डबा टीव्हीला जोडला. डब्याच्या पाठीला कोणीतरी मागाहून बसवलेला एक छोटा स्विच आहे. दादाने डिस्कही दोन दिल्यात. एक इंग्रजी, एक जपानी. खेळ तोच, गावाचा. तुम्हाला वाटलं, आधी जपानी बघू या. स्विच दुसऱ्या बाजूला केला, डिस्क घातली, खेळ सुरू केला आणि पडद्यावर जपानी अक्षरं उमटली. खाली दोन पर्याय.

आता आली पंचाईत! तुम्हाला जपानी कुठे येतं? हिरवं मोठं बटण तर अंगठ्याखालीच आहे. दाबायचं का?

थांबा! अंगठा उचला. यंत्र विचारतंय, “हे कार्ड मला वापरता येत नाही. फॉरमॅट करू का?” म्हणजे, पाटी पुसून कोरी करू का? जपानी भाषेत ‘हो’ला म्हणतात ‘हाय’. तो ‘हाय’ निवडलात, की मागाहून तुम्हीच हाय हाय करत बसाल. आजीचं घर, फळा, निरोप, सगळं गेलं!

आणि खरी गोष्ट अशी, की त्या कार्डाला काहीसुद्धा झालेलं नाही. ते ठणठणीत आहे. मग यंत्र असं का म्हणतं? चला, एकेक पदर उलगडून बघू.

लाइट गेली, मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर

मेमरी कार्ड मुळात कशासाठी लागतं, हे आधी आई-बाबांना विचारा. १९९० नंतरच्या काळात आपल्याकडे स्वस्तातले व्हिडिओ गेम आले होते. त्यांत प्लॅस्टिकची कॅसेट खोचायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. दुपारभर खपून मारिओला शेवटच्या किल्ल्यापर्यंत न्यायचं, आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची! लाइट आली की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. कारण त्या यंत्राला काही लक्षात ठेवताच येत नसे. वीज गेली की आठवण गेली.

काही अस्सल कॅसेटींत आत नाण्याएवढी बॅटरी असायची. तिच्या जोरावर खेळ कुठवर आला ते लक्षात राही. पण बॅटरी संपली की तीही आठवण संपे.

यावर तोड काय? विजेशिवाय टिकणारी आठवण. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ‘फ्लॅश मेमरी’ जगासमोर मांडली. फ्लॅश मेमरी म्हणजे लक्षावधी इवल्याइवल्या घट्ट झाकणाच्या डब्याच समजा. डबीत विजेचे कण कोंडले तर एक खूण, कोंडले नाहीत तर दुसरी खूण. झाकण इतकं घट्ट, की यंत्र बंद केलं, कार्ड खिशात घालून गावभर हिंडलात, तरी कण आतच. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्ये याच जातीची मेमरी असते.

मग खेळाच्या यंत्रांची कार्डं निघाली. सोनीचं प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी विक्रीला आलं. त्याच्या कार्डात जागा होती १२८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो! पण तेवढ्याशा जागेत मुलांचे महिनेच्या महिने मावायचे.

५९ हा आकडा आला कुठून?

आता गेमक्यूबच्या कार्डाकडे वळू. निन्टेंडो कंपनीने त्याची तीन कार्डं काढली. करडं कार्ड ‘५९’, काळं ‘२५१’ आणि पांढरं ‘१०१९’. हे आकडे म्हणजे कप्प्यांची संख्या. पण असे विचित्र आकडे का? सरळ ६०, २५०, १००० का नाहीत?

कागद-पेन्सिल घ्या. करड्या कार्डात एकूण जागा ५१२ किलोबाइट. एक कप्पा ८ किलोबाइटचा. भागा बरं! उत्तर आलं ६४. मग ६४ कप्पे असताना कंपनी ५९ च का सांगते? उरलेले पाच कोणी खाल्ले?

कोणी नाही. ते पाच कप्पे कार्डाने स्वतःच्या कारभारासाठी ठेवलेत. काळ्या कार्डात एकूण २५६ कप्पे, त्यातले पाच वजा केले की २५१. पांढऱ्यात १०२४, वजा पाच, १०१९. जुळलं की नाही?

या पाच कप्प्यांत असतं काय? पहिल्या कप्प्यात कार्डाची ओळख. कार्डाचा क्रमांक, ते कधी फॉरमॅट केलं ती वेळ, त्याचा आकार, आणि आणखी एक छोटीशी खूण, जिच्यावर आपलं सगळं रामायण घडतं. तिच्याकडे येऊच. दुसऱ्या कप्प्यात अनुक्रमणिका, म्हणजे कोणत्या खेळाची नोंद कुठल्या कप्प्यापासून सुरू होते. तिसऱ्यात याच अनुक्रमणिकेची नक्कल. चौथ्यात कप्प्यांचा नकाशा, कोणता भरलेला आणि कोणता रिकामा. पाचव्यात त्या नकाशाची नक्कल.

नकला कशाला? समजा, अनुक्रमणिका लिहिता लिहिता लाइट गेली आणि अर्धवट राहिली, तर दुसरी प्रत शाबूत असते. किती विचार केलाय बघा! आणखी एक गोष्ट. अनुक्रमणिकेत जेमतेम १२७ नोंदी मावतात. त्यामुळे पांढऱ्या मोठ्या कार्डात कप्पे रिकामे असले, तरी १२८ वी नोंद करता येत नाही.

आणि दादाचं गाव? ‘ॲनिमल क्रॉसिंग’ नावाचा हा खेळ एकट्याने ५७ कप्पे घेतो. ५९ मधले ५७! म्हणून अमेरिकेत या खेळाच्या डिस्कबरोबर एक करडं कार्डही मिळायचं. एका गावात चार माणसांची घरं, सगळ्यांसाठी एक फळा, झाडं, शेजारी, पत्रं. तिथलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. फार दिवस गेला नाहीत, तर गावात तण माजतं आणि शेजारी विचारतात, इतके दिवस होतात कुठे? असं अख्खं गाव त्या कार्डात.

अक्षरांची भुतं

आता ती छोटीशी खूण. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याला कळतात फक्त आकडे. म्हणून माणसं आधी ठरवतात, की अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर. अडचण अशी, की सगळ्यांनी सारखंच ठरवलं नाही.

इंग्रजीला अक्षरं थोडी. एका अक्षराला एक आकडा दिला की भागतं. जपानीत मात्र हिरागाना, काताकाना अशा दोन अक्षरमाला आणि शिवाय हजारो चित्रलिपी अक्षरं. एका बाइटमध्ये आकडे मावतात २५६. मग जपान्यांनी युक्ती केली. बऱ्याचशा अक्षरांना आकड्यांची जोडी दिली. या पद्धतीचं नाव ‘शिफ्ट जेआयएस’.

उदाहरण बघा. १३० आणि १६० हे दोन आकडे लागोपाठ आले. जपानी पद्धतीने वाचले तर ते होतं एकच अक्षर, हिरागानातला ‘अ’. तेच आकडे पाश्चात्त्य पद्धतीने वाचले तर? १३० म्हणजे ओळीच्या तळाशी काढलेलं एक अवतरणचिन्ह आणि १६० म्हणजे मोकळी जागा! आकडे तेच, चष्मा बदलला की ‘अ’चं झालं टिंब-टिंब. असं वेडंवाकडं दिसणाऱ्या मजकुराला जपानी माणसं ‘मोजिबाके’ म्हणतात. ‘मोजि’ म्हणजे अक्षर, आणि ‘बाके’ म्हणजे भुताने रूप बदलावं तसं बदलणं. अक्षरांची भुतं झाली म्हणा ना!

आपल्याकडेही ही भुतं होती बरं का. संगणकावर मराठी टाइप करणाऱ्या काकांना विचारा. पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट असत आणि प्रत्येकाची आकड्यांची वाटणी वेगळी. एका छापखान्यात टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या छापखान्यातल्या संगणकावर उघडली, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी चिन्हांचा बाजार दिसायचा. पत्रिका खराब झालेली नसायचीच. फॉन्ट वेगळा असायचा इतकंच. पुढे युनिकोड सर्वत्र रुजलं. त्याच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले होते. म्हणून आज तुमचा मराठी निरोप पुण्याहून लंडनला गेला तरी मराठीच राहतो.

गेमक्यूब मात्र २००१ चा. त्याच्या कार्डाच्या पहिल्या कप्प्यात एक शिक्का असतो, ‘माझ्यातली नावं पाश्चात्त्य पद्धतीने लिहिली आहेत’ किंवा ‘माझ्यातली नावं जपानी पद्धतीने लिहिली आहेत’. यंत्र आधी हा शिक्का बघतं. आपल्याशी जुळला तर या, बसा. जुळला नाही तर ते आत डोकावतच नाही. दारातूनच परत! आणि मग त्याला ठाऊक असलेला एकच उपाय सुचवतं. पुसून टाकू का?

स्विच कोणी बसवला?

पण अमेरिकेतलं यंत्र जपानी झालंच कसं? त्यासाठी स्विचची गोष्ट ऐका.

खेळ विकणाऱ्या कंपन्या जगाचे भाग पाडायच्या. जपान एक, अमेरिका एक, युरोप एक. कारणं बरीच. भाषा वेगळ्या. टीव्हीच्या पद्धती वेगळ्या. जपान-अमेरिकेत चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा रंगवलं जाई, युरोपात आणि आपल्याकडे ५० वेळा. शिवाय किंमत वेगळी आणि विक्रीची तारीखही वेगळी. गेमक्यूबच घ्या ना. जपानमध्ये तो आला १४ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेत १८ नोव्हेंबर २००१ ला, आणि युरोपला थेट ३ मे २००२ पर्यंत वाट बघावी लागली. दादाचा गावाचा खेळ गेमक्यूबवर जपानमध्ये डिसेंबर २००१ मध्ये आला, तर अमेरिकेत सप्टेंबर २००२ मध्ये. आणि कितीतरी जपानी खेळ तर जपानबाहेर कधी आलेच नाहीत.

मग हौशी मंडळी गप्प बसतात होय? जपानहून डिस्क मागवायची. पण यंत्र डिस्कवरचा प्रदेशाचा आकडा वाचून म्हणणार, ‘ही आपल्यातली नाही.’ तेव्हा या मंडळींनी डबा उघडला. बघतात तर काय, जपानी आणि अमेरिकी गेमक्यूबच्या आतला बोर्ड जवळजवळ सारखा! दोघांची टीव्हीची पद्धतही एकच. बोर्डावरचा एक बारीकसा जोड कसा केलाय, यावरून यंत्र स्वतःला जपानी समजतं की अमेरिकी, ते ठरतं. त्या जागी स्विच डकवला की झालं. खटका इकडे, अमेरिका. खटका तिकडे, जपान. विमान नको, पासपोर्ट नको!

पण या खटक्याबरोबर डिस्कचं कुलूप तेवढं बदलत नाही. यंत्राची लिपीही बदलते. यंत्राने ओळख बदलली, कार्डाने नाही. कालपर्यंत ओळखीचं असलेलं कार्ड आज त्याला परकं वाटतं. हीच ती फसगत!

सोनीची तऱ्हा न्यारी

याच दुखण्याकडे सोनीने प्लेस्टेशनमध्ये कसं बघितलं होतं, ते आता पाहू.

प्लेस्टेशनमध्येही कुलूप होतं, पण डिस्कवर. अस्सल डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात एक सूक्ष्म नागमोड असायची. तिच्यात चार इंग्रजी अक्षरं दडवलेली. जपानसाठी शेवटचं अक्षर आय, अमेरिकेसाठी ए, युरोपसाठी ई. ती अक्षरं मिळाली नाहीत तर यंत्र खेळ सुरू करत नसे. हौशी लोकांनी आत एक चिप बसवली. डिस्क काही का म्हणेना, ही चिप यंत्राच्या कानात हवी ती अक्षरं कुजबुजत राही. याच चिपमुळे नकली डिस्कही चालत. म्हणून कंपनीचा तिच्यावर राग होता, तो काही उगीच नव्हे.

कार्डाला मात्र सोनीने असं कुलूप घातलं नाही. १५ नोंदींचे कप्पे आणि कारभाराचा एक, असे १६ कप्पे. आणि नावं लिहायची पद्धत? जपान असो, अमेरिका असो, युरोप असो, सगळीकडे एकच. शिफ्ट जेआयएस! अमेरिकी खेळाचं इंग्रजी नावसुद्धा त्याच जपानी पद्धतीने लिहायचं. सगळ्यांची लिपी एक, मग परकं कोण? त्यामुळे चिप बसवलेल्या प्लेस्टेशनात जपानी आणि अमेरिकी खेळांच्या नोंदी एकाच कार्डात शेजारी शेजारी नांदतात. फॉरमॅट करू का, हा प्रश्नच यापायी येत नाही.

या कार्डाची एक धमाल गोष्ट सांगतो. १९९८ मध्ये हिदेओ कोजिमा यांचा ‘मेटल गिअर सॉलिड’ हा खेळ आला. त्यात सायको मँटिस नावाचा एक खलनायक आहे. तो म्हणतो, मला तुझ्या मनातलं कळतं. आणि खरंच सांगायला लागतो, की तुला ‘कॅसलव्हेनिया’ आवडतं वाटतं! मुलं दचकायची. याला कसं कळलं? मनकवडा वगैरे काही नाही हो. बेटा गुपचूप तुमच्या कार्डाची अनुक्रमणिका वाचायचा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेळांची नोंद दिसली, की लगेच पाजळायचा अक्कल!

दार उघडलं, पण घर सापडेना

पण सगळ्यांची लिपी एक केली म्हणजे काम संपलं, असं नाही. पुढे आणखी एक दार आहे.

समजा, तुम्ही प्लेस्टेशनवर अमेरिकी डिस्क घालून अर्धा खेळ संपवला. मग त्याच खेळाची जपानी डिस्क घातली. कार्ड दिसतं, पण खेळ म्हणतो, माझी नोंद यात नाही! कारण प्रत्येक नोंदीच्या नावाला सुरुवातीलाच चिठ्ठी लावलेली असते. बी-आय म्हणजे जपान, बी-ए म्हणजे अमेरिका, बी-ई म्हणजे युरोप, आणि पुढे त्या डिस्कचा क्रमांक. खेळ फक्त आपली चिठ्ठी शोधतो. दुसऱ्या चिठ्ठीकडे ढुंकूनही बघत नाही.

गेमक्यूबमध्येही तेच. दादाच्या अमेरिकी गावाची खूण आहे जी-ए-एफ-ई, आणि जपानी डिस्कची जी-ए-एफ-जे. शेवटच्या एका अक्षराचा फरक. म्हणजे उद्या कार्डाच्या शिक्क्याचं भांडण मिटलं, तरी जपानी डिस्कला आजीचं घर सापडणार नाही. ते अमेरिकी डिस्कलाच सापडेल.

तुम्ही म्हणाल, चिठ्ठी बदलली तर? संगणकावर कार्डाची प्रत घेऊन ती बदलणारे लोक आहेत. पण चिठ्ठी बदलून आतलं सामान बदलत नाही. दोन देशांच्या आवृत्त्यांत नोंद ठेवायची रीत वेगळी असू शकते. एकीकडे जिथे नाव लिहिलंय, तिथे दुसरीकडे पैसे असले तर? नाव वाचून खेळ तुम्हाला कोट्यधीश करून टाकेल, नाहीतर जागच्या जागी अडकून बसेल.

मग करायचं काय?

आता परत आपल्या जांभळ्या डब्यापाशी या. पडद्यावर तो प्रश्न अजून तसाच आहे. काय कराल?

एक. काही निवडू नका. पडद्यावर प्रश्न असताना यंत्र कार्डावर काही लिहीत नसतं. सरळ यंत्र बंद करा. मात्र खेळ ‘सेव्ह’ होत असताना यंत्र कधीही बंद करायचं नाही आणि कार्डही ओढायचं नाही.

दोन. यंत्र बंद असतानाच स्विच परत अमेरिकेकडे करा. इंग्रजी डिस्क घाला. कार्ड ओळखीचं दिसेल.

तीन. जपानी खेळांसाठी दुसरं, वेगळं कार्ड ठेवा. ते खुशाल फॉरमॅट करा. दोन्ही कार्डांना कागदाची चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत नाव लिहा. एवढ्या लांबणीचा हा एवढासा उपाय!

चार. जपून ठेवलेल्या कार्डाची प्रत काढून घ्या. डबीतले विजेचे कण कितीही घट्ट कोंडले, तरी वर्षानुवर्षांत थोडे थोडे निसटतात. गेमक्यूबच्या स्वतःच्या मेनूतून एका कार्डाची नोंद दुसऱ्यावर नेता येते, पण काही खेळांच्या नोंदी हलवायला परवानगी नसते. पहिल्या धाटणीच्या निन्टेंडो वी यंत्राला गेमक्यूबच्या कार्डाच्या खाचा असतात. त्यात योग्य प्रोग्रॅम घातला, तर अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत एसडी कार्डावर घेता येते. हे माहितगार मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा.

पाच. आणि हे सगळ्यांत आधी! अमेरिकेतून आणलेला ॲडॅप्टर साधारण १२० व्होल्टसाठी असतो, जपानचा १०० साठी. आपल्या भिंतीतून येतात २३० व्होल्ट. तो थेट खोचलात तर ॲडॅप्टर जळेल. आपल्या विजेला चालणारा ॲडॅप्टर किंवा व्होल्टेज कमी करणारा ट्रान्स्फॉर्मर हवा. आधी ॲडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा, मगच बटण दाबा. आणि डबा उघडून स्विच बसवायचा उद्योग स्वतः करू नका, तो सोल्डरिंग येणाऱ्याचा आहे.

शेवटचं एक

आपल्याकडे पूर्वी मराठी हातांनी मोडी लिपी लिहिली जायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. कितीतरी घरांतही आजोबांच्या ट्रंकेत असे कागद असतात. आपल्याला ते दिसतात कसे? कोणी बोरू झटकावा तशा रेघोट्या! मग कोणीतरी म्हणतं, काय तो कचरा साठवलाय, द्या रद्दीत. आणि रद्दीत जातं पणजोबांचं पत्र. कागद चांगला असतो, शाई चांगली असते. वाचणारे आपण बदललेले असतो.

खेळाचं कार्डही तसंच. यंत्र म्हणतं, ‘मला वापरता येत नाही.’ ते खरंच बोलतं. पण ‘मला वाचता येत नाही’ आणि ‘यात काहीच नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यंत्राला तो कळत नाही. तुम्हाला कळतो.

तेव्हा तुमच्या घरी कपाटावर, माळ्यावर, एखाद्या जुन्या डब्यात असं कार्ड सापडलं, तर आधी विचारा, हे कोणाचं? कुठल्या देशातल्या यंत्रात होतं? कोणत्या खेळाचं? मोठा दादा, ताई, काका, जो कोणी त्याचा धनी असेल त्याला एक फोन करा.

आणि दादाच्या त्या गावात पोचलात, की आधी कंबरभर माजलेलं तण उपटा. मग सावकाश फळ्यापाशी जा, आणि आजीने काय लिहिलंय ते वाचा.